एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी

पेट स्कॅनचा रिपोर्ट घेऊन काकू आणि त्यांचा मुलगा दवाखान्यात आले तेव्हा मुलाने मला डोळ्यांनीच खुणावलं, की तिच्यासमोर फार बोलू नका. काकूंनी ते पाहिलं आणि सरळ विचारलं, "डॉक्टर, माझी चौतीस पायऱ्यांची ये-जा चालू राहील ना? तेवढं सांगा. बाकीचं मला कळलंय."

कोथरूडमधली जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. काकूंचं वय ७९. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. गेली बावीस वर्षं मी त्यांचा फॅमिली डॉक्टर आहे, म्हणजे सर्दी-खोकल्यापासून मुलाच्या ब्लडप्रेशरपर्यंत सगळं माझ्याकडे. कॅन्सरचा निर्णय माझा नव्हता, तो ऑन्कोलॉजिस्टचा. पण तिथून घरी आल्यावर "आता काय करायचं?" हा प्रश्न माझ्याकडेच येतो. तो कसा सुटत गेला, आणि मधे माझ्याच हातून काय चुकलं, ते इथे लिहितो. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अकरा वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ हार्मोनवर वाढणारी होती, म्हणून त्यानंतर पाच वर्षं, अंगातलं ते हार्मोन कमी करणाऱ्या लेट्रोझोलची रोज एक गोळी. ती संपून सहा वर्षं झाली होती. डिसेंबरात पाठ दुखायला लागली. आम्ही सगळ्यांनीच ती वयावर ढकलली, मीसुद्धा. महिनाभर तेल लावून, शेकून झालं. रात्री कूस बदलताना कळ यायला लागली तेव्हा एमआरआय केला. पाठीचा अकरावा मणका, कमरेचं हाड आणि फुप्फुसात तीन-चार बारीक गाठी. तुकडा काढून तपासला: ईआर ९० टक्के, पीआर ६० टक्के (पेशीतली हार्मोन पकडणारी प्रथिनं), आणि हर-टू हे वाढ भडकवणारं प्रथिन निगेटिव्ह. तोच जुना आजार परत आला होता, त्याच स्वभावाचा.

यात एक चांगली बाजू होती. हार्मोनची गोळी बंद झाल्यावर सहा वर्षांनी आजार उठला, याचा अर्थ तो त्या गोळीला अजून दाद देण्याची शक्यता भरपूर. म्हणून लेट्रोझोल पुन्हा सुरू करायचं यावर दुमत नव्हतं. दुखऱ्या मणक्याला रेडिएशनचा एकच डोस दिला आणि पंधरा दिवसांत कूस बदलता यायला लागली. वाद होता तो जोडीला द्यायच्या टार्गेटेड गोळीवर.

या गोळ्यांचा गट एक, औषधं तीन. पेशीला दुप्पट होण्याआधी जी दोन प्रथिनं पुढे ढकलतात, सीडीके ४ आणि ६, त्यांना ही औषधं अडवतात. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, अबेमासिक्लिब. नावं एका घरातल्या बहिणींसारखी, पण त्रास देण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत निवड बहुतेक वेळा इथेच ठरते.

न्यू जर्सीतल्या लेकीने वाचून ठेवलं होतं की रायबोसिक्लिब द्या. तिचं चुकत नव्हतं. लेट्रोझोलसोबत रायबोसिक्लिब घेणाऱ्या बायकांचं मध्य आयुर्मान ६३.९ महिने आलं, नुसत्या लेट्रोझोलवर ५१.४. पाल्बोसिक्लिबच्या तशाच चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा काळ १४.५ वरून २४.८ महिन्यांवर गेला खरा, पण आयुष्याच्या लांबीत ५३.९ आणि ५१.२ महिने एवढाच फरक, म्हणजे हिशेबात न धरण्यासारखा. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे असे शेजारी ठेवून थेट तुलना करू नये हे खरं, तरी लेकीचा मुद्दा कळत होता.

अडचण काकूंच्या ईसीजीत होती. रायबोसिक्लिब हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा काळ लांबवू शकतं. सुरू करण्याआधी तो ४५० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो आणि नंतरही ईसीजी काढत राहावं लागतं. काकूंचा होता ४६८. काका गेल्यापासून त्या उदासीवरची एस्सिटालोप्रामची गोळी घेतात, तीही हाच काळ वाढवते. ती थांबवून बघू, असं लेक म्हणाली. सून तिथेच बसली होती. ती हळूच म्हणाली, "ती गोळी नव्हती तेव्हाचे सहा महिने तुम्ही इथे नव्हता, ताई." त्यावर कुणी काही बोललं नाही. रायबोसिक्लिब तिथेच मागे पडलं.

अबेमासिक्लिबचा मुख्य त्रास जुलाबाचा. चाचणीत पाचातल्या चौघींना झाले. बहुतेकींचे सौम्य, औषधाने आवरणारे, म्हणून रिपोर्टात 'ग्रेड एक' किंवा 'दोन'. पण काकूंच्या घरात संडास पॅसेजच्या टोकाला, मधे एक पायरी, आणि वजन ४७ किलो. चाळिशीतल्या बाईला दिवसाला चार जुलाब म्हणजे गैरसोय. ७९ व्या वर्षी रात्रीचे दोन जुलाब म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची सोय. ग्रेडचा आकडा आजाऱ्याच्या घराचा नकाशा बघून दिलेला नसतो.

उरलं पाल्बोसिक्लिब. किंवा काहीच नाही, नुसतं लेट्रोझोल.

खरं सांगायचं तर माझा कल नुसत्या लेट्रोझोलकडे होता. त्याला आधारही होता. नेदरलँड्समध्ये १,०५० स्त्रियांवर सोनिया नावाची चाचणी झाली. निम्म्यांना ही टार्गेटेड गोळी पहिल्या फेरीतच दिली, उरलेल्यांना आधी नुसती हार्मोनची गोळी आणि आजार पुढे सरकल्यावर दुसऱ्या फेरीत टार्गेटेड. दोन्ही फेऱ्या मिळून आजार रोखला गेला तो काळ ३१ महिने विरुद्ध २६.८, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. पहिल्यापासून घेणाऱ्यांनी मात्र ती गोळी सरासरी १६ महिने जास्त घेतली आणि गंभीर त्रासही जास्त सोसले. तिथे बहुतेकींना पाल्बोसिक्लिबच दिलं होतं. मी हे ऑन्कोलॉजिस्टांना फोनवर म्हणालो. ते म्हणाले, "मान्य. पण फुप्फुसात आहे, आणि या वयात दुसऱ्या फेरीपर्यंत सगळे पोचतात असं नाही. दोन्ही बरोबर आहे. त्यांनाच विचारा."

मग रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. लेक व्हिडिओ कॉलवर, मोबाईल बरणीला टेकवून ठेवलेला. मुलगा म्हणत होता, "या वयात कशाला छळायचं तिला?" लेक म्हणत होती, "वय काढू नकोस, औषध म्हाताऱ्यांनाही तेवढंच लागू पडतं." यातलं लेकीचं वाक्य खरं आहे. सत्तरीपुढच्या बायकांना या औषधांचा फायदा तरुणींइतकाच दिसतो. त्रास मात्र पंचाहत्तरीनंतर जास्त होतो आणि डोस कमी करायची वेळ जास्त येते. त्यात चाचण्यांमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या बायका थोड्याच असतात, आणि ज्या असतात त्या बऱ्या तब्येतीच्या निवडलेल्या.

काकू शेंगा सोलत होत्या. मी माझं मत मांडलं: आधी साधी गोळी, जड औषध राखून ठेवू. त्या म्हणाल्या, "राखून कुणासाठी? आत्ता अंगात जीव आहे तोवर जड ते सोसून घेते. पुढे मागाल तेव्हा तो नसेल." आणि मग दोन अटी सांगितल्या. जिना चढता-उतरता आला पाहिजे. आणि रात्री कुणाला उठवायला लागू नये. "यातलं एक जरी गेलं तर बंद. मग मला आकडे सांगायचे नाहीत."

म्हातारं माणूस कमी औषध मागेल असं आपण धरूनच चालतो. मीही धरलं होतं.

सुरू करण्याआधी

तीन आठवडे नुसती तयारी केली. तरुण पेशंटला एवढं लागत नाही. इथे अर्धं यश यातच असतं.

पहिलं म्हणजे मूत्रपिंड. क्रिएटिनिन १.१, लॅबच्या कागदावर ठळक न केलेलं, म्हणजे नॉर्मल. पण वय ७९, वजन ४७ धरून जुन्या सूत्राने हिशेब केला तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, येतो मिनिटाला ३१ मिली. अंगात स्नायूच कमी असले की क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि आकडा फसवतो. पाल्बोसिक्लिबला यामुळे फारसं अडत नाही, पण हाडांसाठीच्या झोलेड्रोनिक ॲसिडला अडतं. त्याचा नेहमीचा डोस ४ मिलिग्रॅम; या क्लिअरन्सला ३. ते इंजेक्शन जबड्याच्या हाडाला क्वचित इजा करतं, म्हणून आधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कवळीशेजारचा हलणारा एक दात काढला आणि जखम भरेपर्यंत थांबलो.

दुसरं, चालणं. खुर्चीतून उठून तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या पुढे गेलं की पडण्याचा धोका धरतात. काकूंना सतरा लागले. जी-एट नावाची आठ प्रश्नांची तपासणी असते, सतरापैकी गुण. चौदा किंवा खाली आले की वार्धक्याच्या अंगाने नीट तपासायचं. त्यांना अकरा मिळाले. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वयस्कर कॅन्सर पेशंटांसाठी वेगळी ओपीडी आहे, तिथे हे सगळं रीतसर होतं. इथे मी माझ्या दवाखान्याच्या पॅसेजमध्ये टेप लावून केलं.

तिसरं, गोळ्यांची पिशवी. "घरातल्या असतील नसतील तेवढ्या सगळ्या आणा," म्हटलं. कापडी बटवा टेबलावर उपडा केला. बीपीची टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाईड एकत्र असलेली, थायरॉईडची, एस्सिटालोप्राम, ॲसिडिटीची, कॅल्शियम, शेजारणीने दिलेली सांधेदुखीची, आणि मुदत संपलेलं एक चूर्ण. मी शेजारणीची आणि चूर्ण काढून टाकलं. बीपीची तशीच ठेवली. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

फ्रिजवर एक कागद लावला. ताप १००.४ झाला की लगेच फोन, रात्र असली तरी. कॅप्सूल जेवणासोबतच. ("उपासाच्या दिवशी?" "साबुदाणा चालेल.") नवीन कुठलंही औषध विचारल्याशिवाय नाही. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. हे फळ यकृतातलं जे विकर थोपवतं तेच पाल्बोसिक्लिब अंगातून काढतं, त्यामुळे औषध साचतं. काकूंनी विचारलं, "मोसंबी?" मोसंबी चालते.

पैशाचा प्रश्न सुदैवाने हलका झाला होता. २०२३ च्या जानेवारीत भारतातलं पेटंट संपलं, देशी कंपन्यांची पाल्बोसिक्लिब आली आणि किंमत कोसळली. त्याआधी हीच चर्चा फ्लॅट विकण्यापासून सुरू व्हायची.

आकडा आणि घबराट

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. १२५ मिलिग्रॅम, एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी, अशी एक फेरी. काकूंनी कालनिर्णयवर पेन्सिलीने रोज एक बारीक टिंब द्यायचं ठरवलं.

पंधराव्या दिवशी लॅबने मुलाच्या व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाकला. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७८०, लाल अक्षरांत, शेजारी बाण. तासाभरात मला अकरा मिस्ड कॉल. लेकीचा मेसेज: काउंट वाढवायचं इंजेक्शन द्या. मुलाने आईला मास्क लावून आतल्या खोलीत बसवलं होतं, नातवाला भेटायची बंदी.

मी जिना चढून गेलो. काकू मास्क हनुवटीवर ओढून पेपर वाचत होत्या. ताप नाही, घसा साफ.

कीमोने काउंट उतरतो आणि या गोळीने उतरतो यांत फरक आहे. कीमो मज्जेतल्या पेशी मारते. ही गोळी त्यांना नुसतं थांबवून धरते. गोळी थांबली की त्या आठवडाभरात पुन्हा कामाला लागतात. म्हणून पाल्बोसिक्लिबवर तीनपैकी दोन बायकांचा काउंट असा घसरतो, पण काउंट पडून ताप येण्याचं प्रमाण शंभरात दोनहूनही कमी. पहिल्या फेरीत पंधराव्या दिवशी ५०० ते १,००० मध्ये आला आणि ताप नसेल तर त्याच डोसवर फेरी पुरी करायची आणि बाविसाव्या दिवशी पुन्हा तपासायचं. इंजेक्शनची गरज नव्हती. नातवाला आत सोडलं. पुढची फेरी सुरू व्हायच्या दिवशी काउंट १,१५० होता.

कागदावर हा 'ग्रेड तीन'चा दुष्परिणाम. सगळ्यात मोठा आकडा, सगळ्यात जास्त फोन, आणि काकूंना त्याचा पत्ताही नव्हता.

माझी चूक

एप्रिलच्या मध्यात खोकला आला. दिवसा कडक ऊन, पहाटे गारवा, दवाखाना खोकणाऱ्यांनी भरलेला. संध्याकाळी साडेआठला, चाळिसावा की पन्नासावा पेशंट असेल, सून एकटीच आली आणि म्हणाली, आईंना चार दिवस खोकला आहे. मी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. रोज लिहितो. हात आपोआप चालतो.

क्लॅरिथ्रोमायसिन तेच विकर थोपवतं, आणि पपनसापेक्षा कितीतरी जोरात. तेच विकर थोपवणाऱ्या दुसऱ्या एका औषधासोबत पाल्बोसिक्लिबचं रक्तातलं प्रमाण ८७ टक्क्यांनी वाढल्याचं मोजलेलं आहे. फ्रिजवरचा कागद मीच लावला होता. "विचारल्याशिवाय नाही" असं त्यावर होतं, आणि विचारायचं ज्याला तो मीच.

पाचव्या दिवशी काकू जेवताना ताटावरच डुलक्या घ्यायला लागल्या. पंधराव्या दिवसाच्या तपासणीत न्यूट्रोफिल ४१०. आता मात्र थांबवायलाच हवं होतं. गोळी बंद, क्लॅरिथ्रोमायसिन बंद. खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला, कारण ही औषधं क्वचित फुप्फुसाला सूज आणतात आणि तेही मला आधी सुचायला हवं होतं. एक्स-रे साफ निघाला. मी घरी जाऊन काय झालं ते सरळ सांगितलं. मुलगा गप्प बसला. काकू म्हणाल्या, "शाळेत मीसुद्धा चुकीच्या मुलाला छडी मारलीय." सुनेने मात्र दुसऱ्या दिवशी केमिस्टकडे जाऊन काकूंच्या नावापुढे औषधाची नोंद करून ठेवली, की यापुढे कुणाचीही चिठ्ठी आली तरी आधी हे बघा. माझ्या कागदापेक्षा ही युक्ती चांगली.

नऊ दिवसांनी काउंट वर आला. डोस १०० वर आणून पुन्हा सुरुवात.

पडल्या

मे महिन्यात, पहाटे चार वाजता, पॅसेजमधल्या त्या पायरीवर काकू पडल्या. हाड वाचलं. कपाळाला टेंगूळ, डाव्या हातावर हिरवंनिळं. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. भिंतीला टेकून उजाडेपर्यंत बसून राहिल्या. दुसरी अट.

घरातल्या सगळ्यांनी निकाल दिला: गोळी सोसत नाही, बंद करा. अटीप्रमाणे बरोबरच होतं. मी फक्त एक दिवस मागितला.

रक्तात सोडियम १२५ निघालं. १३५ च्या वर हवं. आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. कुणीतरी सांगितलं होतं की कॅन्सरचं औषध उष्ण पडतं. म्हणून वाळ्याचं पाणी, सब्जा, धन्याचं पाणी, दिवसाला तीन-साडेतीन लिटर. बीपी आहे म्हणून भाजी जवळजवळ अळणी. जेवण आधीच निम्मं. त्यावर हायड्रोक्लोरोथायझाईड, जे लघवीवाटे सोडियम बाहेर घालवतं, आणि एस्सिटालोप्राम, जे म्हाताऱ्या माणसात अंगात पाणी धरून ठेवून सोडियम पातळ करतं. दोन्ही वर्षानुवर्षं चालू, दोन्ही माझीच चिठ्ठी. वजन तीन किलोने उतरलं तरी बीपीची गोळी सत्तेचाळीस किलोच्या हिशेबाची. उभं राहिल्यावर वरचा आकडा १३२ वरून १०४ वर येत होता. तोल जायला आणखी काय हवं?

पाल्बोसिक्लिबचा यात हात असलाच तर भूक कमी करण्यापुरता. नवीन औषध घरात आलं की सगळी पापं त्याच्या नावावर जमा होतात, आणि जुनी औषधं घरचीच म्हणून सुटतात. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाईड काढलं, एस्सिटालोप्राम निम्मं केलं, पाणी दीड लिटरवर आणलं, भाजीत मीठ परत घातलं. सोडियम एकदम वर येऊ नये म्हणून दोन दिवसांआड तपासलं. दहा दिवसांत १३४. पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा आणि भिंतीला कठडा लावला. मुलगा म्हणाला, "हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं." हो.

काकूंना मी विचारलं, अट मोडली, आता काय? त्या म्हणाल्या, "मी पाण्यामुळे पडले. गोळीला कशाला शिक्षा?"

मेच्या शेवटी त्या गच्चीवर गेल्या. कुरडया सुनेने घातल्या, काकू सावलीत खुर्ची टाकून चीक दाट झालाय म्हणून सांगत राहिल्या.

थकवा, ज्याला आकडा नसतो

जुलैच्या स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी निम्म्याहून लहान, हाडं शांत. सगळे खूश. काकू सोडून. त्या म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण तिसऱ्या आठवड्यात मी माणसात नसते." मी कालनिर्णय मागवलं. टिंबांशेजारी त्यांनी आणखी एक खूण करून ठेवली होती: ज्या दिवशी जिना उतरल्या त्या दिवशी उभी रेघ. पहिल्या आठवड्यात रेघा रोज. दुसऱ्यात एकआड. तिसऱ्यात दोन फेऱ्या एकही नाही. सुट्टीच्या आठवड्यात चौथ्या दिवसापासून पुन्हा रेघा.

असा चोख दुष्परिणामांचा तक्ता मी कुठल्या फाईलमध्ये पाहिलेला नाही. थकव्याला लॅबमध्ये लाल अक्षर नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी फोन करत नाही. मी त्या पानांचे फोटो ऑन्कोलॉजिस्टांना पाठवले. त्यांनी डोस ७५ वर आणला; याच्या खाली पायरी नाही. पुढच्या फेरीत तिसऱ्या आठवड्यात तीन रेघा होत्या.

ऑगस्टमध्ये काकूंनी कालनिर्णयवर बोट ठेवून विचारलं, गौरी नेमक्या तिसऱ्या आठवड्यात येतायत, काही करता येईल का? ऑन्कोलॉजिस्टांनी फेरी आठवडाभर उशिरा सुरू करायला एका शब्दात हो म्हटलं. सणासाठी ताणलेली ती सुट्टी नोंदवहीत कुठे लिहायची हे मला कळलं नाही.

गौरीजेवणाच्या दिवशी मी गेलो तेव्हा काकू ओट्याशी स्टूलवर बसून पुरणाची चव घेत होत्या. निघताना त्यांनी गौरीपुढच्या परडीतून मंडईतून आणलेलं भलंमोठं पपनस उचललं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुम्हीच न्या. आमच्याकडे बंदी आहे. आणि जिना जपून उतरा, खालचा दिवा गेलाय."